वाघिणीच्या भरवशावर झोप

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि वेळापत्रकावर माझी श्रद्धा आहे. एक घंटा वाजली की पन्नासेक पोरं पाढे सोडून खिचडीकडे धावतात, दुसरी वाजली की खिचडी सोडून पाढ्यांकडे येतात. निदान चालत तरी येतात. तेव्हा नऊ किलोचं एक लेकरू आपल्याला जुमानणार नाही, असं वाटायचं मला काही कारण नव्हतं.

लेक दहा महिन्यांची झाली आणि बायकोची रजा संपली. बायको तालुक्याच्या रुग्णालयात नर्स आहे. तिला दुपारची ड्युटी मिळाली. बाराला घरून निघायचं आणि रात्री नऊच्या सुमारास परत यायचं. तिघी नर्सबाया मिळून एक गाडी ठरवली होती. माझी शाळा उन्हाळ्यामुळे सकाळची. म्हणजे सकाळी लेक आईकडे आणि बारापासून नऊपर्यंत माझ्याकडे. हिशेब कागदावर सोपा होता. अडचण एवढीच होती की लेकीला झोपायची एकच रीत माहीत होती, ती म्हणजे आईच्या अंगावर पिता पिता डोळे मिटायचे. ती रीत आता रोज बारा वाजता गाडीत बसून तालुक्याला जाणार होती.

सासूबाईंनी आरमोरीहून फोनवर तोडगा काढला. "दोन वर्षाची होईपर्यंत पोरीले इथी राहू द्या. मी करतो तिचं सारं. तुमच्यानं नाई होणार जवाईबापू, पोरगी झोपवणं म्हंजे शाळा शिकवणं नाई."

आरमोरी काही परदेश नाही. पण दोन गाड्या बदलून अर्धा दिवस जातो आणि रविवारशिवाय मला जाता येत नाही. लेक तिकडे पहिलं पाऊल टाकणार आणि मी इकडे ते मोबाईलवर बघणार, हे मला नको होतं. तसं मी बोललो नाही. मी म्हणालो, "एक महिना द्या. महिन्यात सवय लावतो." शेवटी असं ठरलं की महिन्यानंतर सासूबाई येतील, आणि तोवरही लेक आई येईपर्यंत रडतच असेल तर तिला घेऊन जातील. बायकोनं या ठरवण्यात माझी बाजू घेतली नाही. त्याचा अर्थ मला कळत होता, कारण पहिल्या दोन रात्री ती घरी आली तेव्हा लेकीचा घसा बसलेला होता, आणि तिला पाजून झाल्यावर बायको बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून उभी होती.

मी अभ्यासाला लागलो. मोबाईलवर एक बाई सापडल्या. पांढऱ्या पडद्यांच्या खोलीत, पांढऱ्या गादीवर बसून त्या बाळाच्या झोपेबद्दल बोलत होत्या. त्यांचं म्हणणं असं की रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं, त्याच गोष्टी करायच्या. बाळ पेंगुळलं की जागं असतानाच खाली ठेवायचं. खोलीत अंधार हवा आणि एकसुरी मंद आवाज हवा. त्यासाठी त्यांच्याकडे लिंबाएवढं एक यंत्र होतं. आमच्याकडे कूलर होता. चंद्रपूरकडच्या एप्रिलमधल्या कूलरचा आवाज एकसुरी असतो यात शंका नाही. मंद असतो असं मात्र कोणी म्हणणार नाही.

मी ड्रॉइंगच्या कागदावर फूटपट्टीनं रकाने आखले. लाल स्केचपेननं वेळ, निळ्यानं कृती. दुपारी सव्वाबाराला खिमट, साडेबाराला कपडे बदलणे, पावणेएकला खिडकीवर घोंगडं, मग कूलर आणि पाळणा. संध्याकाळी साडेसहाला अंघोळ, मग तेल, झबलं, केळं आणि दूध. सातला दिवा बंद. त्यानंतर लेक खांद्यावर घेऊन दारापासून चुलीच्या भिंतीपर्यंत फेऱ्या. साडेसातला पाळणा. तक्ता भिंतीवर लावला. बायकोनं कामावर निघता निघता तो वाचला आणि म्हणाली, "खाली मुख्याध्यापकाची सही राह्यली जी."

दुपारनं पहिले चार दिवस माझी परीक्षा घेतली. मी जागं लेकरू पाळण्यात ठेवायचो आणि ते लगेच दोरी धरून उभं राहायचं. मग ती माझ्याकडे तपासणीला आलेल्या साहेबासारखी बघत राहायची. पाचव्या दिवशी ती झोपली, तर बरोबर एक वीसला लाईट गेली. मी हजेरीपटाच्या पुठ्ठ्यानं तासभर वारा घातला. हात खांद्यातून निखळायची वेळ आली, पण डुलकी टिकली. पुढच्या आठवड्यात ती रोज दीड तास झोपू लागली. याचं श्रेय मी तक्त्याला दिलं. त्या उन्हात गावातली माणसं, म्हशी आणि कुत्री तक्ता न वाचताच दीड तास झोपत होती, हे मी लक्षात घेतलं नाही.

संध्याकाळ मात्र काही केल्या वठणीवर येईना. अंघोळ व्हायची, तेल व्हायचं, केळं थोडं पोटात आणि जास्त माझ्या शर्टावर व्हायचं, आणि दिवा बंद केला की लेक आईच्या नावानं टाहो फोडायची. बाहेर हातपंप करकरत असायचा, शेजारचा टीव्ही चालू असायचा, शाळेच्या मैदानात पोरं ओरडत असायची. आठ वाजता आरमोरीहून फोन यायचा. "झोपली का?" मी उत्तर द्यायच्या आधी लेकच उत्तर द्यायची.

आणि मग वाघीण आली.

आमचं गाव मोहर्लीच्या रस्त्याला, जंगलाला खेटून आहे. वाघ दिसणं ही बातमी नसते. आमच्याकडे लोक त्यासाठी पैसे देऊन जिप्सीत बसतात. पण ही वाघीण दोन पिलं घेऊन तलावामागच्या झुडपात बस्तान मांडून बसली. तिनं एक गोऱ्हा मारला, मग एक गाय मारली. एका सकाळी ती शाळेमागच्या बांधावर उन्हं येईपर्यंत बसून होती, म्हणून शाळेला सुट्टी द्यावी लागली. गाव खरंच घाबरलं. बायकोची गाडी रोज रात्री त्याच रस्त्यानं यायची, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत माझाही जीव टांगणीला असायचा.

वनविभागानं कोतवालाला बॅटरीवरचा भोंगा दिला आणि रोज संध्याकाळी दवंडी द्यायला सांगितलं. कोतवाल म्हणजे साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा, सावकाश चालणारा माणूस. सारं गाव त्याला भाऊ म्हणतं. आयुष्यभर त्यानं रेशनची, ग्रामसभेची, लसीकरणाची दवंडी दिली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता पहिल्यांदाच त्याच्या शब्दावर गाव हलत होतं. तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघायचा. चावडी, हातपंप आणि शेवटी आमच्या घराला लागून असलेला शाळेचा कोपरा, अशा तीन जागा ठरलेल्या होत्या. सव्वासातला तो आमच्या कोपऱ्यावर यायचा, घसा खाकरायचा आणि वनविभागाचा कागद वाचायचा: "गावातील सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, परिसरात वाघिणीचा वावर असल्याने संध्याकाळी सातनंतर कोणीही घराबाहेर पडू नये." मग कागद खिशात जायचा आणि भाऊ स्वतःचं बोलायचा. "ऐकून राह्यले ना? ढोरं बांधा. दारं लावा. एकट्यानं बाहीर जाऊ नका. आपापली लेकरं आपापल्या घरात घ्या होऽऽ."

तो 'हो' फार लांब जायचा. तो संपला की एकामागून एक कड्या लागत. हातपंप थांबायचा, टीव्ही हळू व्हायचा, मैदान रिकामं व्हायचं. माझी लेक खांद्यावर असायची. सव्वासातनंतर दोन-तीन फेऱ्यांत तिची मान माझ्या गळ्याशी पडायची आणि साडेसातला ती पाळण्यात, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे.

"झोपली का?"

"झोपली."

मग सासूबाई म्हणाल्या, "आजारी त नाई ना?"

मला हे यश चढलं, हे कबूल करतो. शाळेतल्या मास्तरांना मी क्रम आणि सातत्य यावर बौद्धिक दिलं. एका सहकाऱ्याच्या घरी बाळ होतं, त्याला तक्त्याची झेरॉक्स दिली. त्यानं दोन दिवसांनी सांगितलं की त्याच्या घरी काही फरक नाही. मी त्याला विचारलं, "फूटपट्टीनं आखला होता का?" एकदा तर आरशापुढे उभा राहून मी मोबाईलवर बोलायची तालीमही केली. पांढरे पडदे तेवढे आणायचे होते. दोन आठवडे हे चाललं आणि या दोन आठवड्यांत वाघिणीचा आणि माझ्या तक्त्याचा काही संबंध असेल अशी शंका मला एकदाही आली नाही.

महिना संपायला एक आठवडा उरला असताना वनविभागाच्या लोकांनी वाघिणीला बेशुद्ध करून, पिलांसकट पिंजऱ्यात घालून नेलं. सारं गाव बघायला लोटलं. मी लेकीला कडेवर घेऊन गेलो होतो. तिला ताडपत्री टाकलेली एक गाडी दिसली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मीही खूश होतो. बायकोच्या वाटेवरचं सावट गेलं होतं. त्या संध्याकाळी लोकांनी पंधरा दिवसांनी खाटा बाहेर काढल्या. पोरं मैदानात आली, हातपंप करकरू लागला, शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज मोकळा सोडला. आणि माझी लेक नऊ वाजेपर्यंत रडली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी तक्ता वरून खाली आणि खालून वर तपासला. अंघोळ वेळेवर, तेल तेच, झबलं तेच. केळं वेगळ्या गाडीवरचं होतं म्हणून मी जुन्या गाडीवाल्याकडे जाऊन आलो. तिसऱ्या रात्री बायको आली, हात धुऊन लेकीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. पाजता पाजता ती म्हणाली, "आईले सांगून देऊ का, लवकर ये म्हणून?" ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती थकून बोलत होती.

चौथ्या संध्याकाळी ते माझ्या लक्षात आलं. दिवा बंद होता, मी फेऱ्या घालत होतो आणि लेक रडत होती. सव्वासातच्या आसपास ती एकदम थांबली. तिनं मान वर केली, दाराकडे वळवली आणि तशीच राहिली. ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती. मीही ऐकू लागलो. बाहेर पोरांच्या आरडाओरड्याशिवाय काही नव्हतं. मिनिटभर तिनं वाट पाहिली आणि मग ओठ काढून पुन्हा रडायला सुरुवात केली. मी अंधारात भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यात लाल-निळ्या पेननं सगळं लिहिलं होतं, फक्त दवंडी लिहिलेली नव्हती. घंटा वाजवणारा दुसराच होता आणि मी दोन आठवडे स्वतःची पाठ थोपटत होतो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटल्या सुटल्या मी कोतवालभाऊकडे गेलो. भोंगा त्याच्या खाटेखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता आणि भाऊ स्वतः खाटेवर उदास पडला होता. मी सगळं सांगितलं.

"वाघच नाई, त दवंडी कायची देऊ गुरुजी?"

"वाघासाठी नाई भाऊ, लेकरासाठी."

भाऊ उठून बसला. त्याला ते लागलं असावं. "गाव जागं कराले ठेवलं मले, अन् तुमच्या पोरीले माया आवाजानं झोप येऊन राह्यली?"

"रोज येत होती. आता तुमी बंद केलं त पोरगी झोपूनच नाई राह्यली. तीन दिवसांवर तिची आजी तिले न्यायले येते."

भाऊनं मिशीवरून हात फिरवला. तो विचार करतोय असं दाखवत होता, पण त्याचा डोळा खाटेखाली होता. "येतो," तो म्हणाला. मी हात जोडून सांगितलं की भोंगा नको, नुसतं दाराशी उभं राहून बोला. तेव्हा त्याचा चेहरा पुन्हा पडला. "बिनभोंग्यानं मले बोलाच येत नाई आता. एकदम बारीक आवाजात लावतो ना."

इथं मी हो म्हणालो. आमच्या गावात, वाघीण जाऊन पुरे पाच दिवस झालेले नसताना, भोंग्याला हो म्हणणारा मी शिकलेला माणूस होतो.

त्या दिवशी शाळेमागच्या गल्लीत हळदीचा कार्यक्रम होता. मांडव घातलेला, पंगत बसलेली, वाजंत्री लागलेली. हे सगळं मला माहीत होतं. आमंत्रण माझ्या खिशात होतं. सव्वासातला मी लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होतो, आणि कोपऱ्यावर भाऊनं घसा खाकरला. त्याचा बारीक आवाज तलावाच्या पलीकडे जाईल एवढा होता. त्यानं एक शब्द गाळला नाही. वाघिणीचा वावर, ढोरं बांधा, दारं लावा, सगळं आलं. शेवटचा 'हो' तर त्यानं चार दिवसांची कसर भरून काढत ओढला.

लेकीनं एक सुस्कारा सोडला आणि मान टाकली.

बाहेर आधी वाजंत्री बंद पडली. मग पंगत उठल्याचा आवाज आला, म्हणजे भांडी पडल्याचा, बाया पोरांना हाका मारत असल्याचा, आणि मग कड्या, एकामागून एक. नवरदेव अंगभर हळद माखलेला, कुणाच्या तरी शेळ्यांच्या कोठ्यात शिरून आतून दार लावून बसला, हे मला नंतर कळलं. कुणीतरी वनरक्षकाला फोन केला. आठच्या सुमारास मोठा दिवा लावलेली गाडी शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहिली. तोवर मी लेकीला पाळण्यात ठेवलं होतं. दार वाजलं.

"गुरुजी, शाळेमागं दिसली म्हणतेत. तुमी पाहली का?"

त्याच वेळी माझ्या खिशात फोन वाजला. "झोपली का?"

"झोपली."

"अन् हा गोंधळ कायचा जी?"

"इथं लगन आहे."

फोन ठेवेपर्यंत वनरक्षकाच्या मागे काठ्या घेतलेली पंधरा-वीस माणसं जमली होती. भाऊ भोंगा काखेत धरून त्यांच्यात उभा होता. मला वाटलं तो काहीतरी सांगून सांभाळून घेईल. पण आयुष्यभर सरकारी सूचना दिलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. "वाघ नाई," तो म्हणाला. "गुरुजीच्या पोरीसाठी होती ती दवंडी. तिले झोपाचं होतं."

नवरदेवाच्या बापाच्या हातात अजून वरणाचा पळा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पळ्याकडे. मागून एका म्हातारीनं विचारलं, "मंग झोपली का?" आणि उत्तराची वाट न बघता ती वाकून आत डोकावली. "झोपली व माय," तिनं बाहेरच्यांना सांगितलं. काही जण हसले, म्हणून मी वाचलो. नवरदेवाचा बाप हसला नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात जाऊन मला सगळ्यांसमोर हात जोडावे लागले आणि नवरदेवानं "गुरुजी, आज कुठी लपू?" असं विचारलं तेही ऐकून घ्यावं लागलं. सरपंचबाईंनी भोंगा ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्या रात्री बायकोला गावाच्या वेशीवरच सगळं कळलं होतं. ती दारातच खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून पाळण्याशी गेली, झोपलेल्या लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "अन् उद्या?"

उद्याचं उत्तर भाऊकडे होतं. तो भोंगा गेल्याच्या दुःखात होता तरी मला म्हणाला, "तुमीच द्या ना गुरुजी. पाठ त झालीच अशील."

पाठ झालीच होती. पण मी तिथून निघालो, आणि शनिवार-रविवार दोन्ही संध्याकाळी लेकीला नऊ वाजेपर्यंत रडू दिलं. त्याचं कारण सांगायला हवं.

आमच्या जुन्या गावात दवंडी माझ्या आजोबांकडे होती. ती त्यांनी मागून घेतली नव्हती; आमच्या जातीत जन्माला आल्यावर ती मिळायचीच. घुंगराची काठी आपटत ते गावभर फिरायचे. ज्या चावडीपुढे उभं राहून ते साऱ्या गावाला हाक द्यायचे, त्या चावडीच्या ओट्यावर त्यांना बसता येत नव्हतं. दीक्षा घेऊन आले त्याच संध्याकाळी ते ती काठी पाटलाच्या दारात ठेवून आले. त्यानंतर त्यांनी मजुरी केली, उपाशी राहिले, पण पुन्हा हाक दिली नाही. माझे वडील कारकून झाले, मी मास्तर झालो. घरात लहानपणापासून ऐकत आलो की आपण त्या काठीपासून किती लांब आलो. आणि आता मी दहा महिन्यांच्या पोरीसाठी स्वतःच्या खोलीत दवंडी देणार होतो. माझी जीभ रेटेना.

सोमवारी दुपारी सासूबाई आल्या. पिशवी रिकामी होती. बायको ड्युटीवर गेलेली होती. सासूबाईंनी तक्ता वाचला आणि फळीवरचे लेकीचे फ्रॉक एकेक करून घडी घालून पिशवीत भरू लागल्या. "सकाळच्या गाडीनं नेतो," त्या म्हणाल्या. "तुमी लय केलं जवाईबापू. पण पाहा ना, पोरीचे डोळे कसे आत गेले."

डोळे आत गेले होते हे खरं होतं. म्हणूनच मला राग आला.

साडेसहाला मी अंघोळ घातली. तेल, झबलं, केळं. सातला दिवा बंद केला. सासूबाई कोपऱ्यात खाली बसून बघत होत्या. मी फेऱ्या घातल्या, लेक रडू लागली. मग सासूबाईंनी तिला घेतलं, थोपटलं, मांडी हलवली, जुनं काहीतरी गुणगुणलं. लेक आणखी जोरात रडली. सव्वासात झाले. रडता रडता ती थांबली, आजीच्या खांद्यावरून मान उचलली आणि दाराकडे बघत राहिली.

मी तिला सासूबाईंकडून घेतलं. "गावातील सर्व नागरिकांना," मी म्हणालो, आणि माझा आवाज चिरका निघाला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी घसा खाकरला, भाऊ खाकरायचा तसा. "गावातील सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, परिसरात वाघिणीचा वावर असल्याने संध्याकाळी सातनंतर कोणीही घराबाहेर पडू नये." लेक माझ्या तोंडाकडे बघू लागली. आवाज तो नव्हता, पण शब्द तेच होते. मी कागद खिशात घातल्यासारखा थांबलो. "ऐकून राह्यले ना? ढोरं बांधा. दारं लावा. एकट्यानं बाहीर जाऊ नका. आपापली लेकरं आपापल्या घरात घ्या होऽऽ."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्यांदा दिली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. तिसऱ्यांदा 'दारं लावा' म्हणालो आणि सासूबाई उठल्या. त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडी लावली. कडीचा तो आवाज मला आठवलाच नव्हता. लेकीनं सुस्कारा सोडला.

मी तिला पाळण्यात ठेवलं तेव्हा साडेसातला पाच कमी होते. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या आजानं सोडली होती ना हे?"

"हो."

"मायाही बापानं सोडली. देशील त तंगडं तोडतो म्हणे भावाले." त्यांनी पाळण्याला हात लावला नाही, नुसतं आत पाहिलं. "पण त्यायले गावानं सांगतलं होतं. तुमाले तिनं सांगतलं."

मला वाटतं माझ्या आजोबांना हे पटलं नसतं. त्यांनी साऱ्या गावाचा हुकूम मोडला होता आणि मला नऊ किलोचा मोडता आला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी गरम करायला ठेवल्या. पाळण्याच्या खोलीत बराच वेळ पिशवीची खसखस चालू होती; मी मुद्दाम तिकडे गेलो नाही.

नऊला गाडीचा आवाज आला. बायकोनं दार ढकललं, ते उघडलं नाही. तिनं घाबरून कडी वाजवली. मी उठेपर्यंत सासूबाई दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी कडी काढली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपली," त्या म्हणाल्या.

बायकोनं चपला काढल्या नाहीत. ती दारातूनच आधी पाळण्याकडे आणि मग फळीकडे बघत राहिली. लेकीचे फ्रॉक घडी करून फळीवर ठेवलेले होते.